उम्म तेबेल्दीचा उल्लेख

पुणे शहर, उपनगरे आणि नगर रस्त्याच्या दुतर्फा राहणाऱ्या समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ऑक्टोबर महिना सुरू झालेला आहे. सबब, ज्यांनी छत्र्या माळ्यावर टाकल्या असतील त्यांनी पंख्यांची पाती पुसून घ्यावीत. ज्यांनी दुपारी एक ते चार या वेळात कुणाकडे जाण्याचे योजले असेल, त्यांनी ते रद्द करावे. आणि जगातल्या कोणत्याही कायदेमंडळाचा कोणताही सदस्य सुदान या देशाविषयी बोलायला उभा राहत असेल, तर त्याने आधी कसबा पेठेत राहणाऱ्या अस्मादिकांची लेखी परवानगी घ्यावी. परवानगी मिळणार नाही. हुकमावरून.

हा हुकूम मी दरवर्षी सकाळच्या चहाबरोबर, दवंडी पिटण्याच्या आवाजात काढतो. बायको म्हणते, "झालं का? मग आता दळण आणा." लोकशाहीत याहून जास्त प्रतिसाद कुणालाच मिळत नाही, म्हणून मी पिशवी घेऊन निघतो. गिरणीपर्यंतच्या गल्लीत ऊन भिंतींवरून परत फिरून अंगावर येतं. तांबटांच्या दुकानांतली ठोकठोक त्या उन्हात जास्तच कोरडी ऐकू येते. आणि मला एकदम त्या दुसऱ्या ऑक्टोबरचा वास येतो: नव्या कार्पेटचा, न सुकलेल्या रंगाचा, आणि कानाला लावून लावून घामट झालेल्या हेडफोनच्या फोमचा.

या वर्षी निमित्त फोननं दिलं. कुणीतरी एक क्लिप पाठवली होती. कुठल्याशा सभागृहात परराष्ट्र धोरणावर चर्चा चालली होती आणि एक गृहस्थ हात उंचावून म्हणत होते, "सुदानकडे पाहा! तिथे काय झालं ते पाहा!" बाकं वाजली. सगळं सभागृह त्या गृहस्थांकडे पाहत होतं. सुदानच्या दिशेला एकानंही मान वळवली नाही. तशी ती दिशा कुठली, हे बसल्या जागी मला तरी कुठे सांगता आलं असतं! पण त्याच आठवड्यात आमच्या मेव्हण्यांच्या वाघोलीतल्या सोसायटीत सभा होती, तिथे टँकर उशिरा आला म्हणून अध्यक्ष कडाडले, "आपण काय सुदानमध्ये राहतो का?" तेव्हा मी टाळी वाजवायला उचललेले हात तसेच मांडीवर ठेवले. दुसऱ्याच्या देशानं आपलं वाक्य धारदार करून घ्यायची ही कला मी फार जवळून पाहिलेली आहे. त्यावर माझा चरितार्थ चालत होता.

तुम्ही हसाल, पण एके काळी खराडीत बसून मी एका परक्या देशाची संसद चालवत होतो. म्हणजे ते बोलायचे आणि आम्ही ऐकायचो. ऐकणाराच नसेल तर संसद चालते कशी, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. देश कुठला ते सांगत नाही. थंड आहे, श्रीमंत आहे, आणि तिथले लोक एकमेकांचा गळा धरतानाही 'माझे सन्माननीय मित्र' म्हणतात. त्यांच्या संध्याकाळी ते बोलायचे. सकाळी सातला त्यांचे आवाज आमच्या संगणकांवर येऊन बसलेले असायचे. भाषण टाइप करायचं आणि मग प्रत्येक परिच्छेदाला खूण लावायची: यात कोणत्या देशाचा उल्लेख आला आणि कशासाठी आला. तिकडच्या कुठल्याशा अभ्यासकांना ते हवं होतं. कशाला हवं होतं, ते आम्ही विचारलं नाही. त्या काळात पुण्यात कुणीच काही विचारत नव्हतं. काचेच्या इमारती उगवत होत्या, शेजारी अजून ज्वारी उभी होती, आणि कंपनीच्या बसमधून उतरताना बुटांना एकाच वेळी शेतातली माती आणि सिमेंट लागायचं.

खुणा तीन होत्या. 'विषय', म्हणजे सदस्य खरंच त्या देशाबद्दल बोलतोय. 'उदाहरण', म्हणजे बोलतोय दुसऱ्याच कशाबद्दल, पण दाखला त्या देशाचा देतोय. 'इशारा', म्हणजे 'आपलंही तसंच होईल' असं घाबरवतोय. चौथी खूण आम्ही खाजगीत शोधून काढली होती: 'तोंडीलावणं'. वाक्य सपक झालं म्हणून ताटात डावीकडे चिमूटभर सुदान. तो हंगाम परराष्ट्र धोरणाच्या चर्चेचा होता आणि सुदानमध्ये, पश्चिमेच्या भागात, गावंच्या गावं पेटत होती. त्यामुळे तोंडीलावण्याला तोटा नव्हता. शस्त्रांची विक्री वाढवा, कारण सुदान. कमी करा, कारण सुदान. निर्वासितांना घ्या, घेऊ नका, मदत दुप्पट करा, बंद करा. सगळ्यांच्या खिशात तोच एक देश. मासेमारीच्या करारावर बोलताना एका सदस्यानं सुदान काढला, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या गावांपासून समुद्र एक आख्खा देश ओलांडून आहे.

आम्ही सदस्यांना त्यांच्या आवाजावरून नावं ठेवली होती. आकडा सांगण्यापूर्वी खोकणारे ते खोकलेगुरुजी. गोड, दाट, आटवलेल्या आवाजाच्या त्या बासुंदीबाई. आणि आमचे लाडके मखमलराव. काय आवाज होता हो! मखमलराव 'आज, या क्षणी' असं म्हणाले की माणूस घड्याळाकडे बघायचा. त्यांच्या फाइलसाठी आमच्यात भांडणं व्हायची, आणि बहुतेक वेळा मीच जिंकायचो.

आमच्या टेबलाच्या प्रमुख होत्या कांबळेबाई. कोर्टात तीस वर्षं लघुलेखन करून निवृत्त झालेल्या, पांढरी सुती साडी, पर्समध्ये कायम दोन टोकदार पेन्सिली. संगणकावर बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला धाप लागावी. त्यांचा एकच नियम होता. "जे बोलले ते लिहायचं. खरं का खोटं, ते बघणारा वेगळा असतो."

"कोर्टात न्यायाधीश असतात, बाई," मी एकदा म्हणालो. "इथे कोण आहे?"

"इथे तुम्ही आहात, देवधर. म्हणून तर काळजी वाटते."

गावांच्या आणि टोळ्यांच्या नावांनी आम्ही बेजार झालो, तेव्हा कंपनीनं आठवड्यातून तीन दिवसांसाठी एक सुदानी माणूस शोधून आणला. इद्रिस. बत्तीस वर्षांचा, उंच, शांत. गावाकडे शाळेत भूगोल शिकवायचा. इकडे शिक्षणशास्त्राची पदवी घ्यायला आला होता आणि वाघोलीत एका शेतकरी घराच्या मागच्या खोलीत राहत होता. पहिल्या दिवशी दारात उभा राहून तो म्हणाला, "नमस्कार. मी इद्रिस हाय."

टेबलावर आनंदाची लाट उसळली. कांबळेबाईंनी चष्मा वर केला. "हाय नाही. आहे म्हणा."

"व्हय," इद्रिस नम्रपणे म्हणाला.

त्याचं मराठी त्याच्या घरमालकीणबाईंचं, कमलमावशींचं होतं. तीन वर्षं त्यांच्या ओट्यावर बसून त्यानं ते उचललं होतं, अगदी हेलासकट. आम्ही पेठांतली माणसं त्याला शुद्ध मराठी शिकवायचा प्रयत्न करत होतो आणि तो आम्हाला अरबीतलं ऐन हे घशातून काढायचं अक्षर म्हणायला शिकवत होता. दोन्ही बाजूंना सारखंच अपयश आलं. कांबळेबाई त्याच्यासाठी डब्यात एक भाकरी जास्त आणायच्या आणि "उरली होती" असं सांगायच्या. तो येणार त्याच दिवशी, सलग बारा वेळा, एकच भाकरी उरते, हे फक्त त्यांच्याच घरी घडत असावं.

इद्रिसच्या भागातल्या तालुक्याच्या गावाचं नाव उम्म तेबेल्दी. उम्म म्हणजे आई आणि तेबेल्दी म्हणजे... त्यानं कागदावर झाडाचं चित्र काढलं: बुंधा रांजणासारखा, वर चार काटक्या. "अहो, ही तर गोरखचिंच!" मी ओरडलो. एका रविवारी मी त्याला पुण्यातली एक म्हातारी गोरखचिंच दाखवायला घेऊन गेलो. त्याच्या गावाकडे म्हणे ही झाडं आतून कोरतात आणि पावसाचं पाणी त्यांत साठवतात. उन्हाळ्यात एकेका घराची तहान एकेका झाडावर. त्यानं बुंध्यावर बोटांनी टकटक केली, कान लावला, बराच वेळ ऐकलं.

"काय म्हणतंय?"

"रिकामं हाय," तो म्हणाला. मग कुणाला वाईट वाटू नये म्हणून, "पन झाड चांगलं हाय."

त्याची बायको हलीमा तिकडेच होती. मार्चमध्ये तो घरी जाऊन आला होता; आता तिला आठवा महिना चालू होता. पहिल्या वेळी पोट कापून बाळंतपण करावं लागलं होतं आणि ते मूल राहिलं नव्हतं. डॉक्टरनं तेव्हाच बजावलं होतं की यापुढे दवाखान्याशिवाय नाही. हलीमा आणि इद्रिसचा धाकटा भाऊ आदम घर सोडून एका बाजाराच्या गावात येऊन थांबले होते. तिथून पुढे दोन वाटा. एक उम्म तेबेल्दीची: लॉरीनं अर्धा दिवस, आणि तिथे शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना. दुसरी मोठ्या शहराची: पाच दिवस, मध्ये बंदुकवाल्यांच्या चौक्या. प्रश्न एवढाच होता की उम्म तेबेल्दीचा दवाखाना चालू आहे का. तिकडचा रस्ता कधी उघडायचा, कधी बंद व्हायचा. तिकडून आलेलं माणूस भेटत नव्हतं. बाजाराच्या गावात एका दुकानदाराकडे उपग्रहावरचा फोन होता. शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, आदम त्या दुकानात येऊन थांबायचा आणि इद्रिस इथून नगर रस्त्यावरच्या बूथमधून फोन लावायचा.

म्हणून इद्रिस आमच्या सगळ्यांपेक्षा मन लावून ती संसद ऐकायचा. आम्ही खुणा लावायचो, तो वाट बघायचा. एवढी मोठी माणसं दररोज आपल्या देशाचं नाव घेतायत, त्यातल्या एखाद्याला तरी ठाऊक असेलच, एवढंच त्याचं म्हणणं. आठवडे गेले. सुदान, सुदान, सुदान. आणि उम्म तेबेल्दीचं नाव नाही. मी त्याला धीर द्यायचो. "थांबा हो, मखमलराव अजून बोलायचेत."

दिवाळीच्या आधीचा गुरुवार होता. कार्यालयात कुणीतरी चिवड्याचा डबा आणला होता आणि कीबोर्डांत पोहे सांडले होते. मखमलरावांची फाइल माझ्याकडे आली. परदेशी मदतीवरची चर्चा. आणि सतराव्या की अठराव्या मिनिटाला तो आवाज खाली आला, थांबला, आणि म्हणाला: आपण दिलेल्या मदतीवर उम्म तेबेल्दी नावाच्या गावातल्या दवाखान्यात आज, या क्षणी, स्त्रियांवर शस्त्रक्रिया होत आहेत, माता वाचत आहेत, आणि माझे सन्माननीय मित्र म्हणतात की हा पैसा वाया जातो!

मी खुर्चीवर उभा राहिलो. खराखुरा, बुटांसकट. "ऐका हो ऐका! उम्म तेबेल्दी! विषय! उदाहरण नाही, इशारा नाही, तोंडीलावणं नाही, शुद्ध विषय!" मी टेबलावरून हात फिरवून इद्रिसला बोलावलं आणि माझ्या हातानं हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले. त्यानं ते वाक्य तीनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी त्याचे ओठ मखमलरावांबरोबर हलत होते. आज, या क्षणी. सगळे टाळ्या वाजवत होते. कांबळेबाईंनी त्याला चिवडा दिला आणि डोळे पुसले, आणि मिरची लागली म्हणाल्या.

शुक्रवारी त्याच्याबरोबर मीही बूथवर गेलो. असा सोहळा सोडायचा म्हणजे काय! काचेच्या आत तो उभ्यानं बोलत होता, मोकळा हात हवेत फिरवत होता, लॉरी, रस्ता, दवाखाना असं सगळं हातानं दाखवत होता. बाहेर आला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

"जात्यात," तो म्हणाला. "लॉरी रविवारी हाय." आणि भर रस्त्यात त्यानं माझे दोन्ही हात धरले. "भाऊ, तुम्ही ऐकलं म्हनून झालं."

मी तेव्हा किती खूश होतो, हे मला आज नीट आठवतं. ते आठवणं हीच आता शिक्षा आहे.

आमच्या कामात आणखी एक पायरी होती: जुळणी. लोकप्रतिनिधी जुनीच भाषणं पुन्हा वाचतात, हे तिकडच्या अभ्यासकांनाही ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक फाइल जुन्या सगळ्या फाइलींशी ताडून बघायची आणि जिथे वाक्य तेच असेल तिथे 'पुनरुक्ती' अशी खूण करायची. ते काम माझं होतं. फाइल पूर्ण झाल्यावर, कुणालाही काहीही सांगण्याआधी, दहा मिनिटांचं. गुरुवारी मी खुर्चीवर उभा होतो, त्यामुळे ते राहून गेलं.

शनिवारी दुपारी मी जुळणी लावली. पडद्यावर दोन खिडक्या उघडल्या. डावीकडे गुरुवारचं वाक्य, उजवीकडे दोन वर्षांपूर्वीचं. गाव तेच, दवाखाना तोच, माता वाचत होत्या, सन्माननीय मित्र तेच. 'आज, या क्षणी' सुद्धा तेच. एक स्वल्पविरामही इकडेतिकडे नव्हता. तेव्हाही चर्चा मदतीवरचीच होती. म्हणजे गावं पेटण्याच्या आधीची.

माझ्या मागे कांबळेबाई उभ्या होत्या. वाचायला त्यांना किती वेळ लागणार!

"सांगितलंत त्याला?"

"आज तो येत नाही. सोमवारी आला की..."

"लॉरी उद्या आहे."

"बाई, पण फोन शुक्रवारीच लागतो ना."

"असं फोनवाल्यानं ठरवलंय, का तुम्ही?"

मी काहीतरी बोललो. दोन वर्षांपूर्वी चालू होता म्हणजे आताही असेलच, मोठा दवाखाना असा एकदम बंद पडतो होय, उगाच त्याला दोन दिवस जाळायचं कशाला. हे सगळं मी खणखणीत आवाजात बोललो, आणि बोलता बोलता मला ते पटलंसुद्धा. खराडीहून वाघोली म्हणजे सहा आसनी रिक्षा पकडली की पंधरा-वीस मिनिटं. दुकानदाराचा नंबर इद्रिसकडे होता. शनिवारी लावला असता तर कदाचित उचलला गेला नसता. कदाचित गेला असता. घरी आकाशकंदिलाचा कागद न्यायचा होता. मी पुण्याकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो. मंडईपाशी गर्दी फार होती, आणि मला आठवतं, मी निळा का केशरी यावर बराच वेळ घासाघीस केली.

सोमवारी मी सांगितलं नाही, कारण लॉरी गेली होती. पुढच्या शुक्रवारी दुकानदार म्हणाला, गेले, परत आलेले नाहीत. मग सांगून उपयोग काय, असं मी स्वतःला विचारलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी फोन लागलाच नाही. कांबळेबाई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. एका सकाळी त्यांनी विचारलं, "तुम्ही सांगताय का मी सांगू?" मी म्हणालो, मी सांगतो. त्यांनी ते लिहून घेतल्यासारखी मान हलवली.

तिसऱ्या शुक्रवारनंतर इद्रिस कामावर आला नाही. मी वाघोलीला गेलो. तेव्हा मात्र मला सहा आसनी रिक्षा लगेच सापडली. खाणींची पांढरी धूळ रस्त्याकडेच्या बाभळींवर बसली होती. थंडी पडायला लागली होती आणि कमलमावशी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आलासा? बसा. शुक्रवारी फोन लागला त्याचा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाई गेली. दवाखान्यात मानूस न्हाय, डाक्टर न्हाय. पत्रं बी काढून नेल्यात छपराची. अंगनातच झालं म्हनं सगळं. दुसऱ्या दिवशी गेली."

"आणि मूल?"

"पोरगी हाय. जगली. भावाच्या बायकूनं घेतलीया." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "त्यो रडंना बी, बगा. निस्ता बसलाय. तुम्ही शिकल्यालं मानूस, काय तरी बोला त्याच्याशी."

शिकलेला माणूस आत गेला. इद्रिस खाटेवर बसला होता. भिंतीवर त्यानं स्वतः काढलेला सुदानचा नकाशा होता, शाळेत लावतात तसा, नद्या निळ्या आणि डोंगर तपकिरी. मी, ज्याच्या तोंडाला आयुष्यात कधी कुलूप लागलं नाही, तो त्या खोलीत एक तास बसलो आणि "पाणी हवंय का?" एवढंच बोललो. सांगायचं म्हणूनच गेलो होतो. पण माणूस असा बसलेला असताना त्याला हे सांगायचं, म्हणजे त्याच्या दुःखात आपलं ओझं ठेवून यायचं, असं मला वाटलं. भित्र्या माणसाला सुचणारे विचार फार सभ्य असतात.

आता खराडीत त्या ज्वारीच्या जागी काय काय उभं आहे. परवा एका कामासाठी गेलो तर आमची इमारत कुठली, तेच ओळखू येईना. तिथल्या एखाद्या मजल्यावर आजही कुणीतरी कुठल्यातरी सभागृहाचा आवाज ऐकत असेल; किंवा आता ऐकायलाही माणूस लागत नसेल. मखमलरावांना मी वाईट माणूस म्हणत नाही. त्यांना ते वाक्य कुणीतरी लिहून दिलं असेल, एकदा वापरलं तेव्हा बाकं वाजली असतील, म्हणून त्यांनी ते जपून ठेवलं. माझ्याकडेही असे किस्से आहेत. लग्नकार्यात, प्रवासात, गणपतीच्या मांडवात मी तेच ते सांगतो आणि दर वेळी 'परवाचीच गोष्ट' म्हणून सुरुवात करतो. फरक एवढाच, की माझ्या किश्श्यावर भरवसा ठेवून कुणी बाळंतिणीला लॉरीत बसवत नाही. असं मी ऑक्टोबर सोडून इतर अकरा महिने म्हणू शकतो.

नऊ दिवसांनी इद्रिस परत कामावर आला. सगळे उठून उभे राहिले आणि कुणालाच पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून एकेक करून खाली बसले. कांबळेबाईंनी डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. उरली होती वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्यानं अर्धी भाकरी खाल्ली, हात धुतले, आणि खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला.

"भाऊ, हे जरा बघता का? इंग्रजी नीट हाय का ते."

पत्र होतं. मखमलरावांना, त्यांच्या खऱ्या नावानं, संसदेच्या पत्त्यावर. शिक्षकाचं अक्षर, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. आपण आमच्या गावाचं नाव आपल्या सभागृहात घेतलंत याबद्दल मी आपला आभारी आहे, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की आपल्याला मिळालेली माहिती दुर्दैवानं चुकीची होती. दवाखाना बंद आहे, छत नाही, डॉक्टर नाही. माझी पत्नी तिथे गेली होती, त्यावरून मला हे निश्चित ठाऊक आहे. तरी आपण कृपया पुढच्या भाषणात दुरुस्ती करावी, म्हणजे आणखी कुणी तिकडे जाणार नाही. एका शब्दानंही दोष दिलेला नव्हता. खाली सही, आणि सहीखाली 'भूगोल शिक्षक'.

"त्यांला कुनीतरी खोटं सांगितलं असंल," इद्रिस म्हणाला. "मोठा मानूस हाय. त्यांला कळाया पायजे."

मी पत्र टेबलावर ठेवलं. पलीकडे कांबळेबाईंची बोटं थांबली होती. त्यांनी कानांवरचे हेडफोन काढून गळ्यात सोडले. मी इद्रिसला माझ्या खुर्चीत बसवलं आणि जुळणी उघडली. डावीकडचं वाक्य दाखवलं, उजवीकडचं दाखवलं, उजवीकडच्या डोक्यावरची तारीख दाखवली. हे मला शनिवारी कळलं होतं, म्हणालो. लॉरीच्या आदल्या दिवशी. गुरुवारीच बघायचं होतं, ते मी बघितलं नाही. आणि शनिवारी बघितलं, तेव्हा तुमच्याकडे आलो नाही. एवढं बोललो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत लहान भाषण असावं.

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो पडद्याकडे पाहत होता, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, वर्गात मुलांच्या दोन वह्या शेजारी ठेवून तपासाव्यात तसा. ओठ हलत होते. मग त्यानं उजव्या खिडकीवर, दोन वर्षांपूर्वीच्या त्या वाक्यावर, बोट ठेवलं, आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या तोंडून निघून गेलं,

"आन् पयल्यांदा बोलला, तवा तरी खरं व्हतं का?"